पेन्शन घ्यायची, पण करदात्यांच्या यादीतून नाव काढायचं: जमेल का?

प्रश्न: ताई, नमस्कार. मी राज्य शासनातून अधीक्षक अभियंता म्हणून निवृत्त झालो. विलेपार्ले पूर्वेला राहतो. पेन्शन आणि ठेवींचं व्याज यावर आम्हा दोघांचं चालतं. २०२४-२५ च्या उत्पन्नावर मी ८० हजारांच्या वर आयकर भरला. २०२५-२६ मध्ये पेन्शनचे एकूण ९,८४,००० रुपये आले आणि एकाच बँकेतल्या मुदत ठेवींचं व्याज ३,३१,००० रुपये झालं. बँकेनं त्यातून ३३,१०० रुपये आधीच कापले.

संध्याकाळी बागेत आमचा गट बसतो. तिथे अलीकडे एक गृहस्थ येतात. ते म्हणतात, पॅन कार्डावर इंग्रजी मोठ्या अक्षरांत छापलेलं नाव ही कागदावरची वेगळी व्यक्ती आहे, तुम्ही हाडामांसाचे माणूस वेगळे. पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर तसं प्रतिज्ञापत्र करून, नोटरी करून आयकर खात्याला रजिस्टरनं पाठवलं की तुम्ही करदाते राहत नाही. पॅन रद्द करून घ्यायचा आणि व्याजातून कर कापू नये म्हणून बँकेत पंधरा एच हा फॉर्म भरून द्यायचा. पेन्शनला धक्का लागत नाही, कारण सर्वोच्च न्यायालयानं नकारा खटल्यात पेन्शन हा हक्क मानला आहे. राज्यघटनेच्या २६५ व्या अनुच्छेदाचाही ते दाखला देतात. अमेरिकेत कित्येक लोक सोशल सिक्युरिटी, म्हणजे तिथली सरकारी पेन्शन, घेतात आणि कर नाकारतात, असंही सांगतात. या सगळ्याचे ते २५,००० रुपये घेतात.

मला चोरी करायची नाही. पण नोकरीभर पगारावर कर दिला, आता पुन्हा पेन्शनवर द्यायचा. बदल्यात रेल्वेची ज्येष्ठांची सवलतसुद्धा मार्च २०२० पासून गेली. उघडपणे, सांगून बाहेर पडता येत असेल तर मला पडायचं आहे. तुमचं मत कळवा.

उत्तर: नाही, जमणार नाही. त्या गृहस्थांना पैसे दिले नसतील तर देऊ नका. दिले असतील तर पावती मागा आणि तो कागद कुठेही पाठवू नका.

मी नोकरी निवृत्तिवेतन शाखेत केली. म्हणून कलमांच्या आधी टेबलावरची गोष्ट सांगते. पेन्शनर आमच्या लेखी पीपीओवरून, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशावरून, ओळखला जायचा. नाव, जन्मतारीख, पदनाम, कम्युटेशनची, म्हणजे पेन्शनचा काही भाग विकून आधीच एकरकमी घेतलेली रक्कम, पती-पत्नीचा जोडफोटो आणि ओळखीच्या खुणा. डाव्या गालावर तीळ, उजव्या कोपराजवळ जखमेचा व्रण, असं सगळं त्यात असतं. एवढं खोलात जायचं कारण एकच, पैसे घेणारा माणूस आणि कागदावरचं नाव एकच आहे याची शासनाला खात्री हवी असते. दर नोव्हेंबरात तुम्ही बँकेच्या यादीत नावापुढे सही करता किंवा जीवन प्रमाणवर बोट टेकवता, ते याचसाठी. हयातीचा दाखला वेळेत पोचला नाही तर पुढची पेन्शन थांबते. अंथरुणाला खिळलेल्या माणसाचा दाखला राहिला म्हणून त्याची सून रडवेली होऊन समोर उभी राहिलेली मी पाहिली आहे.

आता ते प्रतिज्ञापत्र पुन्हा वाचा. त्यात तुम्ही शपथेवर म्हणणार की त्या नावाची व्यक्ती मी नव्हे. पीपीओ त्याच नावाचा आहे. पेन्शनचं खातं, ठेवीच्या पावत्या, आधार, सगळं त्याच नावावर. ती व्यक्ती तुम्ही नसाल तर नोव्हेंबरात सही कोण करणार? एकाच नावानं पेन्शन घ्यायची आणि त्याच नावाला कर लागला की ते नाव झटकायचं, हे कोणतंही कार्यालय ऐकून घेणार नाही. नाव मोठ्या अक्षरांत छापलं म्हणून माणूस दुसरा होतो, असं आपल्या कोणत्याही कायद्यात नाही.

पॅन रद्द करण्याचं तर मनातही आणू नका. करपात्र उत्पन्न आहे तोवर पॅन लागणारच. तो बँकेला दिला नाही किंवा तो निष्क्रिय झाला, तर व्याजावर १० टक्क्यांऐवजी २० टक्के कपात होते. तुमच्या ३,३१,००० रुपयांवर ती ६६,२०० होईल. आणि तुमचा वर्षाचा सगळा कर किती आहे? मी हिशेब केला, तो असा.

पेन्शन आणि व्याज मिळून १३,१५,०००. नव्या करपद्धतीत पेन्शनवर ७५,००० ची प्रमाणित वजावट मिळते, म्हणजे करपात्र उत्पन्न १२,४०,०००. पहिल्या ४ लाखांवर काही नाही, पुढच्या ४ लाखांवर ५ टक्क्यांनी २०,०००, त्यापुढच्या ४ लाखांवर १० टक्क्यांनी ४०,००० आणि वरच्या ४० हजारांवर १५ टक्क्यांनी ६,०००. बेरीज ६६,०००. पण इथे थांबायचं नाही. २०२५-२६ साठी १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर सवलतीमुळे कर शून्य होतो आणि त्या मर्यादेच्या थोडं वर गेलेल्याला सीमांत सवलत मिळते. मर्यादेपेक्षा जितके रुपये जास्त, त्याहून अधिक मूळ कर घेता येत नाही. तुमचे जास्तीचे ४०,००० आहेत, म्हणून मूळ कर ४०,०००. त्यावर ४ टक्के उपकर १,६००. एकूण ४१,६००.

त्यातले ३३,१०० बँकेनं कापून सरकारजमा केलेच आहेत. विवरणपत्र भरताना तुम्हाला आणखी ८,५०० रुपये द्यायचे आहेत. व्यवसायाचं उत्पन्न नसलेल्या ज्येष्ठांना अग्रिम कर भरावा लागत नाही, त्यामुळे तो न भरल्याचं व्याजही नाही. म्हणजे ८,५०० वाचवायला तुम्ही २५,००० देणार आणि पॅन गेला तर वर ६६,२०० कापून घेणार. हे आकडे त्या गृहस्थांसमोर ठेवा.

गेल्या खेपेला ८० हजारांवर गेलेला कर यंदा निम्म्यावर आला आहे, कारण स्लॅब बदलले आणि सवलतीची मर्यादा १२ लाखांवर गेली. हे तुम्हाला कुणी सांगितलं नाही याचं मला खरोखर वाईट वाटतं. निवृत्त माणसाला अशी माहिती बागेत आलेल्या अनोळखी माणसाकडून मिळावी आणि तीही चुकीची, ही काही चांगली अवस्था नाही.

पंधरा एच हे घोषणापत्र आहे. वर्षाचा माझा कर शून्य येतो, असं तुम्ही त्यात सहीनिशी सांगता. ज्याचा कर खरंच शून्य आहे त्यानं ते जरूर द्यावं. सवलतीमुळे शून्य होत असेल तरी चालतं. तुमचा ४१,६०० येतो, म्हणून तुम्ही ते देऊ शकत नाही. जाणूनबुजून खोटी घोषणा केली तर खटला भरण्याची तरतूद कायद्यात आहे. ठेवी पाच बँकांत विखुरल्या तर कदाचित एकही बँक कापणार नाही, कारण ज्येष्ठांसाठी १ एप्रिल २०२५ पासून कपातीची मर्यादा एका बँकेत वर्षाला १ लाख व्याजाची आहे. पण कर तेवढाच राहतो आणि सगळ्या बँकांचं व्याज तुमच्या वार्षिक माहिती पत्रकात, म्हणजे एआयएसमध्ये, दिसतं. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर अधिनियम, २०२५ लागू झाला आहे आणि कलमांचे आणि फॉर्मचे क्रमांक बदलले आहेत, पंधरा एचचाही. नवा कायदा आला म्हणून जुन्या घोषणा विचारल्या जात नाहीत, असं कुणी सांगितलं तर तेही खोटं समजा.

आता घटनेबद्दल. कायद्याच्या अधिकाराशिवाय कोणताही कर लावता किंवा वसूल करता येणार नाही, एवढंच अनुच्छेद २६५ म्हणतो. तो सरकारला लगाम आहे आणि तो फार मोलाचा आहे. पण आयकराचा कायदा संसदेनं केला आहे आणि १९६१ च्या कायद्यात पगाराच्या व्याख्येतच पेन्शन आहे. म्हणजे कायद्याचा अधिकार आहे. अनुच्छेदाचा पहिला अर्धा भाग खिशात घालून दुसरा झाकायचा, हे त्या गृहस्थांचं काम.

नकारा खटल्याविषयी मात्र मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण आम्हा पेन्शन शाखेतल्या माणसांना तो निकाल जवळचा आहे. १७ डिसेंबर १९८२ ला तो लागला. तो दिवस आजही निवृत्तिवेतनधारक दिन म्हणून पाळतात. केंद्रानं पेन्शनचं सुधारित सूत्र ३१ मार्च १९७९ ला किंवा त्यानंतर निवृत्त होणाऱ्यांनाच दिलं होतं. त्याआधी निवृत्त झालेल्यांनी दाद मागितली. न्यायालयानं सांगितलं की पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नव्हे, केलेल्या सेवेचा तो मोबदला आहे, आणि केवळ तारखेच्या आधारे निवृत्तांचे असे दोन गट पाडता येणार नाहीत. पेन्शनला कर लागत नाही असं त्यात कुठेही म्हटलेलं नाही. उलट पेन्शन हा सेवेचा मोबदला ठरला, तर पगारासारखा त्यावर कर लागणं त्या निकालाशी विसंगत कसं?

तुमचा दुहेरी कराचा मुद्दाही तपासला पाहिजे. पगारावर तुम्ही कर दिलात, खरं आहे. पण पेन्शनसाठी तुमच्या पगारातून एक रुपयाही कापला जात नव्हता. १ नोव्हेंबर २००५ पासून राज्य सेवेत आलेल्यांच्या पगारातून दरमहा कापतात, तुमच्या नाही. भविष्य निर्वाह निधी तुमचा होता, तो तुम्हाला करमुक्त मिळाला. ग्रॅच्युइटी, कम्युटेशनची रक्कम आणि निवृत्तीच्या वेळचं रजेचं रोखीकरणही शासकीय कर्मचारी म्हणून संपूर्ण करमुक्त मिळालं. महिन्याची पेन्शन येते ती राज्याच्या आजच्या तिजोरीतून. केंद्रानं गोळा केलेल्या आयकराचा वाटा राज्याला येतो, तोही त्यातच पडतो. पार्ल्याच्या स्टेशनबाहेर केळी विकणारी बाई साबण घेते, त्यावरचा जीएसटीही त्यात असतो. तिला पेन्शन नाही आणि करातून बाहेर पडायचा अर्जही नाही.

अमेरिकेचं उदाहरण त्यांनी अर्धवट सांगितलं. सोशल सिक्युरिटीचा कायदा १४ ऑगस्ट १९३५ चा. तिथल्या लोकांनाही वाटतं की आपण भरलेलं आपल्यालाच परत मिळतं. पहिला मासिक लाभ मिळालेल्या आयडा मे फुलर या बाईंनी सोशल सिक्युरिटीसाठी एकूण २४.७५ डॉलर कर भरला होता. जानेवारी १९४० च्या पहिल्याच धनादेशाची रक्कम २२.५४ डॉलर होती. त्या शंभर वर्षं जगल्या आणि २२,८८८.९२ डॉलर घेऊन गेल्या. ते पैसे त्यांचे साठवलेले नव्हते, पुढच्या पिढ्यांच्या पगारातून कापलेले होते. १९८४ पासून तिथे या लाभावरही आयकर लागतो. उत्पन्न जास्त असेल तर लाभाचा ८५ टक्क्यांपर्यंत हिस्सा करपात्र धरतात. मोठ्या अक्षरांतल्या नावाचा दावाही तिथलाच आणि तिथली न्यायालयं तो वारंवार फेटाळतात. असे निरर्थक दावे विवरणपत्रात केले तर ५,००० डॉलर दंड आहे. कर थकवला तर मासिक लाभातलेच १५ टक्के कापून घेण्याची व्यवस्था आहे.

पण त्याच देशात काही लोकांना सोशल सिक्युरिटीच्या करातून कायद्यानं बाहेर पडता येतं, आणि ती गोष्ट तुमच्यासारख्या प्रामाणिक माणसानं ऐकावी. आमिश नावाचा साधेपणानं राहणारा ख्रिस्ती पंथ आहे. म्हाताऱ्याकोताऱ्यांना आपणच सांभाळायचं, सरकारी विमा घ्यायचा नाही, ही त्यांची श्रद्धा. १९६१ मध्ये पेनसिल्व्हेनियातल्या व्हॅलेंटाइन बायलर या आमिश शेतकऱ्यानं हा कर भरला नाही म्हणून सरकारनं त्याचे नांगराचे घोडे नेऊन विकले. देशभर आरडाओरडा झाला. १९६५ मध्ये कायद्यात सूट आली. तिची अट अशी की अर्ज करणाऱ्यानं सोशल सिक्युरिटीचे सगळे लाभ लिहून सोडायचे. साधा आयकर त्यांना आजही माफ नाही.

आपल्याकडेही १९२८ चा बारडोलीचा सत्याग्रह आहे, तेव्हाच्या मुंबई इलाख्यातला. वाढवलेला शेतसारा द्यायचा नाही असं शेतकऱ्यांनी ठरवलं आणि म्हशी, भांडी, जमिनी जप्त झाल्या तरी सोसलं. गावोगावच्या पाटील-तलाठ्यांनी राजीनामे दिले. सरकारचा सारा नाकारायचा आणि सरकारचं वेतन घ्यायचं, हे त्यांच्या मनाला पटलं नाही. साहेब, तुम्ही म्हणता तुम्हाला उघडपणे बाहेर पडायचं आहे. उघडपणाची किंमत त्या लोकांनी अशी दिली. पेन्शन हातात ठेवून ती दिली जात नाही. आणि तुम्ही पेन्शन सोडावी असं मी मुळीच म्हणत नाही. वहिनींचं कुटुंब निवृत्तिवेतनही त्याच पीपीओवर उभं आहे.

तुमचा राग मात्र मला मान्य आहे. रेल्वेची सवलत परत यावी असं मलाही वाटतं. पेन्शन करमुक्त करा ही मागणी निवृत्तांच्या संघटना वर्षानुवर्षं करत आल्या आहेत. त्यांच्या निवेदनावर सही करा, खासदाराला पत्र लिहा. कायद्याच्या आत कर कमी करायचा असेल तर पीपीएफमध्ये वर्षाला दीड लाखांपर्यंत भरता येतात आणि त्याचं व्याज करमुक्त आहे. तुमचं करपात्र उत्पन्न मर्यादेच्या ४० हजारच वर आहे, तेव्हा काही वर्षांत फरक पडेल. मात्र नवं खातं पंधरा वर्षांचं असतं, ते वयाकडे बघून ठरवा. वहिनींच्या नावावर ठेव केली तरी व्याज तुमच्याच उत्पन्नात धरतात. सज्ञान मुलाला किंवा मुलीला बक्षीस दिलं तर धरत नाहीत, पण ४१,६०० वाचवायला म्हातारपणाची पुंजी हातातून सोडू नका. असं करून पस्तावलेले पुष्कळ जण मी पाहिले आहेत.

प्रश्न: मी गिरगावात राहते. यजमानांच्या पश्चात मला दरमहा ३१,००० कुटुंब निवृत्तिवेतन मिळतं, दुसरं उत्पन्न नाही. एक एजंट म्हणतो, राजकीय पक्षाला देणगी दाखवून परतावा मिळवून देतो, त्यातला काही भाग त्याला द्यायचा. करू का?

उत्तर: करू नका, ताई. परतावा म्हणजे आधी कापलेला कर परत मिळणं. तुमचा कर कापलाच गेला नसेल तर परत काय येणार? वर्षाचे ३,७२,००० होतात. नव्या पद्धतीत ४ लाखांपर्यंत करच नाही, त्यामुळे विवरणपत्र भरण्याचीही सक्ती नाही. कुणी कापला असेल तर खरं विवरणपत्र भरून तो पुरता परत मिळेल, एजंटाला हिस्सा द्यायची गरज नाही. न दिलेली देणगी दाखवली तर नोटीस तुमच्या नावानं येते, एजंटाच्या नाही. आयकर खातं अशा बनावट वजावटी हुडकून काढतं आहे. पॅन आणि पासवर्ड त्याच्याकडे दिला असेल तर पासवर्ड आजच बदला.

एक गोष्ट मला फार खटकते. पेन्शनरला ७५,००० ची प्रमाणित वजावट आहे आणि त्याच्या विधवेला कुटुंब निवृत्तिवेतनाचा एक तृतीयांश किंवा २५,००० यांतली कमी असेल ती रक्कम. नवरा गेल्यावर पेन्शन कमी होते, औषधं कमी होत नाहीत. करमुक्तीची मागणी करणाऱ्या संघटनांनी हा मुद्दा सगळ्यात वर लिहावा. तुमचा कर आज शून्य आहे, पण जिला ठेवीचं किंवा भाड्याचं उत्पन्न जोडीला आहे तिला हा फरक लागतो.

प्रश्न: वडील ७७ वर्षांचे, कांदिवलीला असतात. पेन्शन आणि व्याज एकाच बँकेत. पंचाहत्तरीनंतर आयकर माफ होतो हे खरं का?

उत्तर: कर माफ नाही, विवरणपत्र माफ होऊ शकतं. पेन्शन आणि त्याच बँकेतल्या ठेवींचं व्याज, एवढंच उत्पन्न असेल आणि बँकेला तसं घोषणापत्र दिलं, तर बँकच हिशेब करून कर कापते. १ एप्रिल २०२१ पासून ही सोय आहे. बँक अधिसूचित असावी लागते, तेवढं शाखेत विचारा. घरभाडं किंवा शेअर्स विकून झालेला नफा असेल तर ही सोय मिळत नाही, विवरणपत्र भरावंच लागेल.

प्रश्न पाठवताना पीपीओ क्रमांक, पॅन, आधार किंवा खाते क्रमांक लिहू नका. उत्पन्नाचे आकडे, वय आणि कोणत्या सेवेतून निवृत्त झालात, एवढं पुरतं.